सोबतीचा सरकारी दर

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे. या विम्यात दवाखान्याने केलेल्या प्रत्येक कामाला एक कोड असतो, आणि कोड असेल तरच पैसे मिळतात. त्या हजारो कोडांमध्ये 'एच ००३८' असा एक आहे. मानसिक आजारातून किंवा व्यसनातून स्वतः बाहेर पडलेल्या माणसाने त्याच अवस्थेतल्या दुसऱ्याला सोबत केली, तर त्या सोबतीचं बिल या कोडखाली लागतं. माप पंधरा मिनिटांचं. अर्धा तास बसलं की दोन मापं, तासभर बसलं की चार.

हे वाचून आधी हसू येतं. कुणाच्या दुःखात शेजारी जाऊन बसायचे पैसे घ्यायचे, आणि तेही मिनिटांवर? पण हा कोड मिळवायला बऱ्याच लोकांनी आयुष्याची बरीच वर्षं घातली आहेत. तो मिळाला म्हणूनच एकेकाळी मनोरुग्णालयात कुलपाआड राहिलेली माणसं आज त्याच व्यवस्थेत पगारी कर्मचारी म्हणून उजळ माथ्याने वावरतात. आणि तोच कोड त्यांच्या कामाचा गळाही आवळतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला ते काम जवळून पाहावं लागतं.

या माणसाला इंग्रजीत पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात, व्यसनाच्या क्षेत्रात बऱ्याचदा रिकव्हरी कोच. आपण सोयीसाठी सोबती म्हणू. सोबती डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो. तो निदान करत नाही, गोळ्या बदलत नाही. त्याची पात्रता म्हणजे त्याने स्वतः काढलेले दिवस. आवाज ऐकू येणं म्हणजे काय, गोळ्यांनी वजन वाढतं आणि हात थरथरतात तेव्हा आरशात बघवत का नाही, वॉर्डातून घरी आल्यावर घरचे चहाचा कप हातात देतानासुद्धा कसे निरखून बघतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नसतं. त्याचं काम बरंचसं साधं दिसणारं असतं. नव्याने दाखल झालेल्याला वॉर्डाची रीत सांगणं, डिस्चार्जनंतर पहिल्यांदा बाजारात जाताना बरोबर जाणं, डॉक्टरांपुढे जे विचारायचं राहून जातं ते कागदावर लिहायला लावणं, बँकेत खातं पुन्हा सुरू करून घेणं. आणि या सगळ्यात, योग्य वेळ आली तर, 'मी पण इथे होतो' एवढं सांगणं. ते केव्हा सांगायचं आणि केव्हा गिळून टाकायचं, याचंच प्रशिक्षण मुख्य असतं. आपली कहाणी सांगायला कुणीही सांगतो. समोरच्यापुरती, समोरच्याच्या उपयोगाची तेवढीच सांगणं अवघड.

इथे एक गल्लत होते ती आधीच दूर करू. मानसिक आरोग्यात डॉक्टर नसलेली माणसं काम करतात, हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. गोव्यात 'संगात' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांना शिकवून नैराश्यावर आणि दारूच्या समस्येवर समुपदेशन करवलं, त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गरोदर आणि बाळंतीण बायकांसाठी त्याच गावच्या आया 'सखी' म्हणून घरी जात. ही कामं मोलाची आहेत. पण त्या समुपदेशकाला किंवा सखीला निवडलं ते गावचं म्हणून, भाषा-चालीरीती जाणणारं म्हणून. तिला स्वतःला नैराश्य येऊन गेलेलं असायला हवं, अशी अट नव्हती. सोबत्याच्या बाबतीत नेमकी तीच अट असते. एरवी जी गोष्ट नोकरीच्या अर्जात लपवायची, ती इथे पात्रतेच्या रकान्यात लिहायची.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात ज्याँ-बाप्तीस्त प्युसँ नावाचा माणूस वेड्यांच्या विभागाचा मुख्य होता. मूळचा तो कातडी कमावणारा. गंडमाळांच्या उपचारासाठी त्याच इस्पितळात रुग्ण म्हणून आला आणि बरा होऊन तिथेच नोकरीला राहिला. त्याने एक गोष्ट हेरली होती. बरे होत आलेले रुग्ण नोकर म्हणून घेतले, तर ते इतर रुग्णांवर हात उगारत नाहीत. १७९३ साली फिलिप पिनेल हा डॉक्टर तिथे आला, त्याने प्युसँकडून हे शिकून घेतलं आणि पुढे ग्रंथात लिहिलं. बिसेत्रमधल्या बेड्या काढल्या त्या प्युसँने, १७९७ साली, पिनेल तिथून दुसऱ्या इस्पितळात गेल्यावर. इतिहासात मात्र पिनेलचं नाव मोठं झालं. अनुभवाने शिकलेल्याचं ज्ञान आणि पदवीवाल्याची स्वाक्षरी, हा प्रकार तेव्हापासूनचा.

व्यसनाच्या बाजूला हीच कल्पना वेगळ्या घरात वाढली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअरबाजारातला दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस जन्माला आली. आपल्याकडे शहरोशहरी, चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत संध्याकाळी जी 'मीटिंग' भरते ती हीच. तिथे आडनाव विचारत नाहीत. फी घेत नाहीत. सरकारी अनुदान घेत नाहीत. एका दारुड्याने दुसऱ्याला सावरण्याचं काम कधीही धंदा होऊ नये, असा त्यांच्या परंपरेतला एक नियमच आहे. कार्यालयीन कामाला पगारी माणूस ठेवता येतो, सोबतीला नाही. स्पॉन्सर म्हणजे नव्या सदस्याला सांभाळणारा जुना सदस्य; त्याचा फोन रात्री दोनलाही उचलला जातो, आणि त्याबद्दल कुणी बिल फाडत नाही.

मग पगार आणला कुणी आणि कशासाठी? त्याचं उत्तर मानसिक आजाराच्या बाजूने आलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्यांनी संघटित होऊन आवाज उठवायला सुरुवात केली. सक्तीचे उपचार, कोंडून ठेवणं, माणूस म्हणून न ऐकणं यांविरुद्ध. ज्युडी चेंबरलिन या त्यांतल्या एक; त्यांचं 'ऑन अवर ओन' हे पुस्तक १९७८ साली आलं. रुग्णांनीच चालवलेली, डॉक्टरांच्या ताब्याबाहेरची केंद्रं असावीत, हा त्यांचा आग्रह. पण अशी केंद्रं चालवायला भाडं लागतं, वीज लागते. स्वयंसेवकाच्या चांगुलपणावर संस्था उभी राहते, टिकत नाही. मनोविकारातून उठलेल्या माणसाला तर मुळात नोकरीच मिळत नाही. दारूवर मात केलेला सर्जन संध्याकाळी फुकट वेळ देऊ शकतो, कारण दिवसा तो शस्त्रक्रिया करून कमावतो. पंचवीस वर्षं वॉर्ड आणि घर यांत घालवलेल्याने कशाच्या जोरावर फुकट काम करायचं?

जॉर्जिया राज्याने १९९९ साली या प्रश्नाला कागदावर उत्तर दिलं. तिथल्या मानसिक आरोग्य खात्यात लॅरी फ्रिक्स नावाचे अधिकारी होते. स्वतः द्विध्रुवी विकाराचे रुग्ण. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या खटपटीने पीअर सपोर्ट ही मेडिकेडची बिलयोग्य सेवा ठरली आणि २००१पासून प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र अशी रीतसर व्यवस्था सुरू झाली. १५ ऑगस्ट २००७ रोजी केंद्रीय यंत्रणेने सर्व राज्यांना पत्र धाडलं: तुम्हीही हे करू शकता, मात्र तीन अटींवर. सोबत्यावर पात्र व्यावसायिकाची देखरेख हवी. त्याची सेवा रुग्णाच्या लिखित उपचार आराखड्याशी जोडलेली हवी, त्यात मोजता येतील अशी उद्दिष्टं हवीत. आणि प्रशिक्षण व प्रमाणपत्र हवं. त्या एका पत्राने देशभर दारं उघडली. २०१२ साली ओबामांच्या आदेशाने माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत ८०० सोबती नेमायचं ठरलं. युद्धावरून परतलेल्याशी युद्धावरून परतलेल्याने बोलावं म्हणून. कॅलिफोर्नियासारख्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याला मात्र त्यासाठी कायदा करायला २०२० उजाडलं, आणि तिथेही ही सेवा घ्यायची की नाही हे प्रत्येक काउंटीवर सोपवलं.

या कामाचा खरा उपयोग कुठे होतो, हे पाहायचं तर तातडीच्या विभागात जावं लागेल. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात २०१४पासून एक पद्धत सुरू झाली. हेरॉइन किंवा फेंटॅनिलच्या अतिमात्रेने बेशुद्ध पडलेला माणूस इस्पितळात येतो. त्याला नॅलोक्सोन देतात. हे औषध मेंदूतल्या ज्या जागांवर अफूजन्य पदार्थ चिकटलेले असतात तिथून त्यांना हुसकावून लावतं. श्वास परत येतो, माणूस डोळे उघडतो. आणि त्याच क्षणी त्याला जबर विथड्रॉवल सुरू होतो. आपल्याकडे गर्दवाले, म्हणजे ब्राउन शुगर ओढणारे, त्याला 'टर्की' म्हणतात. अंग ठणकतंय, उलट्या होताहेत, समोर पांढरे डगले, दारात कदाचित पोलीस. आपला जीव वाचला याचा आनंद त्याला होत नसतो, तो चिडलेला असतो आणि त्याला निघून जायचं असतं. नॅलोक्सोनचा असर तासा-दीड तासात ओसरतो. त्या तेवढ्या फटीत कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेलेले असतात. तेव्हा फोन करून बोलावलेला रिकव्हरी कोच येतो, खुर्ची ओढून बसतो. त्याने स्वतः त्याच खाटेवर डोळे उघडलेले असू शकतात. तो आधी व्याख्यान देत नाही. पाणी हवं का विचारतो.

ही फट किती मोलाची, ते मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या अभ्यासावरून कळतं. अतिमात्रेतून वाचवून इस्पितळातून घरी पाठवलेल्यांपैकी शंभरात पाच-सहा जण वर्षभरात दगावले, आणि त्या दगावलेल्यांतला पाचातला एक पहिल्याच महिन्यात. म्हणजे 'पुढच्या आठवड्यात ओपीडीत या' हा सल्ला देईपर्यंत काहींची वेळ संपलेली असते.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. गंभीर मानसिक आजार असलेल्या १३७ जणांपैकी काहींना सोबत्यांकडे दिलं, काहींना नेहमीच्या केस मॅनेजरकडे. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा सोबत्यांकडच्या लोकांना आपल्याला जास्त समजून घेतलं जातंय, जास्त स्वीकारलं जातंय असं वाटत होतं. उपचारांशी सुरुवातीला फारसं न जुळलेले लोकही त्यांच्याशी जोडले गेले. बारा महिन्यांनी मात्र दोन गटांतला फरक उरला नाही. चांगला केस मॅनेजरही वर्षभरात विश्वास मिळवतोच. सोबत्याला तो लवकर मिळतो, एवढंच. पण ज्याला आज रात्रीच उठून जायचंय त्याच्या बाबतीत 'लवकर' म्हणजेच सगळं.

पुराव्याबद्दल बोलताना या क्षेत्रातले उत्साही लोक थोडे सैल होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. येलच्याच २०११च्या एका छोट्या चाचणीत वारंवार दाखल होणारे ७४ रुग्ण होते. ज्यांना सोबती मिळाला त्यांचे नऊ महिन्यांत सरासरी दहा दिवस इस्पितळात गेले, इतरांचे एकोणीस. आकडा झकास आहे, पण माणसं ७४च. २०१३ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अकरा चाचण्या, म्हणजे २,७९६ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. निष्कर्ष: रुग्ण राहून गेलेले कर्मचारी इतर कर्मचाऱ्यांइतकंच काम करतात, फार चांगलं नाही आणि वाईटही नाही. काहींना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला. मला वाटतं तो दुसऱ्या बाजूने वाचायला हवा. ज्यांना समाजाने नोकरीला नालायक ठरवलं होतं, ते पदवीधरांच्या बरोबरीने काम करतात, हे काही थोडं नाही.

त्यानंतर इंग्लंडमध्ये दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आणि दोन्हींची उत्तरं निराळी. २०१८च्या चाचणीत घरोघरी जाणाऱ्या संकट-पथकाच्या देखरेखीतून मोकळे झालेले ४४१ लोक होते. सर्वांना स्वतःची काळजी घेण्याची एक वही दिली; एका गटाला टपालाने, दुसऱ्या गटाला ती भरायला दहा भेटींपर्यंत एक सोबती. वर्षभरात पुन्हा तीव्र उपचारांची गरज पडली ती टपालवाल्यांतल्या ३८ टक्क्यांना, सोबतीवाल्यांतल्या २९ टक्क्यांना. वही तीच होती, फरक माणसाचा. २०२२च्या चाचणीत मनोरुग्णालयातून सुटणाऱ्या ५९० जणांना घेतलं. एका गटाला सोबती वॉर्डातच भेटू लागला आणि घरी गेल्यावर चार महिने भेटत राहिला. वर्षभरात पुन्हा दाखल झाले ते सोबतीवाल्यांतले ४७ टक्के आणि इतरांतले ५० टक्के. फरक नाहीच म्हणायचा.

असं का? एक कारण सरळ आहे: पुन्हा दाखल व्हावं लागणं हे घर, पैसा, गोळ्या, शेजारी अशा पुष्कळ गोष्टींवर ठरतं, आणि आठवड्यातून एकदा भेटणारा माणूस त्या सगळ्या बदलू शकत नाही. सोबत्याचा परिणाम उमेद, एकटेपणा, स्वतःबद्दलची लाज अशा गोष्टींवर अधिक दिसतो, असं अनेक अभ्यास सांगतात. पण 'आमचं काम मोजता येत नाही' या ढालीआड लपणंही बरं नाही. करदात्यांचे पैसे लागतात तिथे कोणत्या टप्प्यावर, कुणासाठी, किती भेटी, हे विचारायचा हक्क असतोच.

आणि इथेच तो पंधरा मिनिटांचा कोड परत आडवा येतो. समजा, बसमध्ये चढायला घाबरणाऱ्या एका माणसाबरोबर सोबती थांब्यापर्यंत चालत गेला, दोन बस जाऊ दिल्या, क्रिकेटवर गप्पा मारल्या आणि दोघे परत आले. त्या दिवसाचं खरं काम झालं ते बस जाऊ देण्यात. घाई न करण्यात. संध्याकाळी नोंदीत मात्र लिहावं लागतं की आराखड्यातलं अमुक उद्दिष्ट, सार्वजनिक वाहतुकीचा वापर, प्रगती अंशतः, वेळ ४५ मिनिटं. क्रिकेट लिहिलं तर बिल नामंजूर. हळूहळू सोबती नोंदीत बसेल तेवढंच करू लागतो. वर त्याच्यावर देखरेख करणारा असतो मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवा अधिकारी, ज्याने स्वतः हे काम कधी केलेलं नसतं. दोन-तीन वर्षांत सोबत्याच्या तोंडी डॉक्टरांची भाषा येते: 'पेशंट इनसाइटलेस आहे', 'कंप्लायन्स नाही'. ज्या भाषेला कंटाळून तो या कामात आला, तीच. याला कुणी घसरण म्हणत नाही, कारण संस्थेच्या दृष्टीने तो आता तयार झालेला असतो.

दुसरा धोका साधा, पैशाचा. सोबती स्वस्त पडतो. नर्स मिळत नाही, समाजसेवकाची जागा रिकामी आहे, मग चार सोबती घ्या. वाहन चालवायला, फायली लावायला, भडकलेल्या रुग्णाला शांत करायला. पगार मात्र सगळ्यांत तळचा आणि वर चढायला शिडी नाही. फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं होतं की मदत करणाऱ्यालाच मदतीचा सर्वांत मोठा फायदा होतो. व्यसनमुक्तीतल्या कुणालाही हे विचारा, तो मान हलवेल. पण या खऱ्या गोष्टीचा वापर 'तुम्हाला समाधान मिळतंय ना, मग पगाराचं काय घेऊन बसलात' असा होऊ लागला, की समजावं संस्थेला फुकटचा घाम हवा आहे.

बारीकसारीक अडचणीही बऱ्याच. डॉक्टरने रुग्णाला स्वतःचा नंबर देऊ नये, हा नियम. स्पॉन्सरने दिलाच पाहिजे, ही रीत. पगारी सोबत्याने काय करावं? रुग्ण त्याला विश्वासाने सांगतो की मी गोळ्या टाकून देतोय; हे टीमला सांगायचं का? जीव धोक्यात असेल तर सांगायचं, आणि हे पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगून ठेवायचं, एवढ्यावर साधारण एकमत आहे. त्यापलीकडे रोज नवा पेच. व्यसनातून आलेल्यांच्या नावावर अनेकदा चोरीचे, अमली पदार्थांचे जुने गुन्हे असतात, आणि आरोग्य खात्यातल्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी लागते. म्हणजे ज्या आयुष्यामुळे तो कामाला लायक ठरतो त्याच आयुष्यामुळे नापास. शिवाय सोबती स्वतः घसरला तर? एक-दोन वर्षं सोबर असल्याशिवाय घ्यायचं नाही, ही अट बहुतेक ठिकाणी असते. पण पाच वर्षांनंतरही स्लिप होते. मधुमेही नर्सची साखर वाढली तर तिला रजा देतात. सोबत्याचं पाऊल घसरलं तर त्याच्याकडे ढोंग उघडं पडल्यासारखं बघतात.

आता आपल्याकडे. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालं, तेही येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता अवचट तिथे डॉक्टर होत्या, अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं होतं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिलं. गर्दवर आपल्याकडे कुणाला धड काही माहीत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. इथे बरे झालेले अनेक जण पुढे इथेच कामाला लागले, समुपदेशक झाले, फॉलोअपला गावोगाव फिरले. व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे करायची तिथली पद्धत आज महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी दिसते. मेडिकेडच्या पत्राची वाट न पाहता हे घडलं. कारण साधं: चोरून आणलेली पुडी कुठे लपवली असेल, हे जुन्या गर्दवाल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळतच नाही. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. दारुड्याच्या बायकोची सोबतीण दारुड्याचीच बायको.

सरकारी कागदांतही सोबती अगदीच नाही असं नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत पीअर एज्युकेटर हे पद आहे. सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही पसरू नये म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने त्यांच्यातलेच कार्यकर्ते नेमले. मणिपूर, मिझोराममध्ये निर्जंतुक सुया आणि हेरॉइनऐवजी द्यायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी यांच्यापर्यंत लोकांना आणलं ते या मंडळींनी. मानधन तुटपुंजं, दर्जा कंत्राटी. तरी पद आहे.

मानसिक आजाराच्या बाजूला मात्र पाटी जवळजवळ कोरी. गुजरातेत २०१४ ते २०१६ या काळात जागतिक आरोग्य संघटनेचा 'क्वालिटीराइट्स' उपक्रम सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत झाला, त्यात रुग्ण राहून गेलेल्यांना सोबती म्हणून तयार केलं गेलं. या कामामागे पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र होतं. याच केंद्राने पुढे जर्मनी, युगांडा, टांझानिया, इस्रायल आणि भारत अशा पाच देशांत चाललेल्या 'अपसाइड्स' या संशोधनात भारताची बाजू सांभाळली. म्हणजे जाणकारी पुण्यात आहे, अनुभव गुजरातेत घेतला.

आपल्याकडे आणखी एक वळण आहे जे जॉर्जियात फारसं दिसत नाही. इथे रुग्णाबरोबर आई, बायको, भाऊ असतो. ओपीडीच्या रांगेत रुग्णांपेक्षा नातेवाईक जास्त. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, ती पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून. स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई' हा चित्रपट याच कामाशी जोडलेला. तिथले स्वमदत गट शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्याला सांभाळणारे, अशा दोघांसाठी चालत आले. सांभाळणाऱ्याला सोबती हवाच. पण आईचा अनुभव हा मुलाचा अनुभव नव्हे. आई म्हणते, गोळ्या लपवून डाळीत घालाव्या लागतात. मुलगा म्हणतो, मी घरी जेवायचंच सोडलं. सरकारने उद्या पद काढलं आणि त्यावर सगळीकडे पालकच नेमले, तर मुलगा पुन्हा एकटाच.

सोबती कुणाला म्हणायचं, हा प्रश्न निदानाशीही संपत नाही. कोथरूडमध्ये नैराश्यातून बाहेर आलेला संगणक अभियंता आणि स्टेशनवर उचलून मनोरुग्णालयात आणलेली परप्रांतीय बाई, दोघांच्या फायलीवर एकच निदान असू शकतं. त्यांच्यात सारखं काय आहे? फार थोडं. बाईला तिच्या बोलीत बोलणारी, तिच्यासारखीच घरच्यांनी परत न नेलेली कुणी भेटली तर ती सोबतीण.

आणि नाव जाहीर करायचं कसं? मीटिंगमध्ये आडनाव लागत नाही, नोकरीत आधार आणि पॅन लागतं. घरात धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू असताना मुलाने 'मी मनोरुग्णालयात रुग्ण होतो, म्हणून मला तिथे नोकरी लागली' असं सांगायचं, ही किती घरांना परवडणारी गोष्ट आहे? व्यसनमुक्त झालेल्याला निदान टाळ्या मिळतात, सत्कारही होतो. स्किझोफ्रेनियातून सावरलेल्याचा सत्कार मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे पहिले सोबती बहुधा त्यांतूनच येतील ज्यांच्याकडे लपवायला काही उरलेलंच नाही, आणि त्यांना संरक्षण सर्वांत कमी असेल.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासूनचा. या कार्यक्रमाच्या जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा अधिकारी, परिचारिका असतात, रुग्णांची नोंदवही ठेवणारा सहायकसुद्धा असतो. सोबत्याचं पद नाही. ते निर्माण करायचं तर प्रत्येक ठिकाणी निदान दोघांना एकदम घ्यावं; एकटा असला की दहा पदवीधरांच्या बैठकीत तो गप्प बसायला शिकतो. शिवाय एक किचकट मुद्दा आधीच सोडवावा लागेल. सरकारी नोकरीत रुजू होताना शरीराने आणि मनाने तंदुरुस्त असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजार दिव्यांगत्वाच्या यादीत धरला आहे, आणि सरकारी जागांतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटांत वाटायचा आहे त्यांत तो येतो. म्हणजे एका कागदावर आजार असल्याचं सिद्ध करायचं आणि दुसऱ्यावर कामाला लायक असल्याचं. जॉर्जियात हे दोन्ही एकाच परीक्षेत बसवलं आहे. आपल्याकडे ते सामान्य प्रशासन विभाग आणि आरोग्य विभाग यांना एका टेबलावर बसून ठरवावं लागेल.